बर्डी कुठे थांबते

घोडीचं नाव बर्डी, म्हणजे पाखरू. आणि हे पाखरू बोटीवरून उतरायला लागलं की धक्क्याच्या फळ्या कण्हायच्या. नाव ठेवणाऱ्याला विनोदाचं अंग होतं की डोळ्यांचा आजार, हे बेटावर आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही.

एप्रिलात घोड्यांची पहिली बोट आली की अर्धं गाव धक्क्यावर येतं. मिशिगनच्या त्या बेटावर मोटारीला पहिल्यापासून बंदी. त्याचं कौतुक उन्हाळ्यातल्या पाहुण्यांना, गावाला नाही. गावाला एवढंच कळतं, की हिवाळ्यात घोडे पलीकडच्या शेतावर जातात आणि ते परत आले की गावाला पाय फुटतात. पीठ, विटा, टपाल, पाहुण्यांच्या पेट्या, सगळं त्यांच्या जिवावर चढ चढायचं. त्या वर्षीही घोडे एकेक करून उतरले, लोकांनी त्यांना नावानं हाका मारल्या, आणि सगळ्यात शेवटी एमेट गोद्रो उतरला. त्याच्या हातात दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला बर्डी.

"आली का महाराणी?" नालबंद व्हर्जिल ओरडला. "दीड वर्षं बसून खाल्लंय हिनं. पोट बघा, पोट! एमेट, ही गाडी ओढणार की गाडीत बसणार?"

"तुझ्या पोटाचं आधी बोल," एमेट म्हणाला. "हिचं मी उतरवीन. तुझं कोण उतरवणार?"

लोक हसले. एमेटही हसला, पण त्याची नजर बर्डीच्या डाव्या पुढच्या पायावरून हलली नाही. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, चढावरच्या गोठलेल्या दगडावर ती घसरून पडली होती आणि त्या पायाची शीर ताणली गेली होती. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, आता ही कामाची नाही, कुरणात सोडा नाहीतर विका. एमेटनं दोन्ही केलं नाही. कुणी सांगितलं म्हणून या माणसानं पटकन काही केलंय, असं त्याच्या आयुष्यात घडलेलं नाही. त्याचा फायदा बर्डीला झाला. तोटा झाला तो त्याचा त्याला, तो पुढे येईलच.

एमेट बेटावरच जन्मला. बाप गाडीवान, आजाही गाडीवान. आता साठी उलटलेली, गुडघे कुरकुरतात, पण गाडीवर चढताना कुणी हात पुढे केला तर खवळतो. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "घोड्यांच्या वेळा सांभाळू की बायकोच्या?" हे तो तरुणपणापासून म्हणत आला, आणि एकच उत्तर इतकी वर्षं मिळालं की लोक विचारायचं थांबतात.

तबेल्याची मालकीण कोरा मॅक्नली. बापामागे तबेला तिच्याकडे आला. लहानपणी ती एमेटच्याच मांडीवर बसून लगाम धरायला शिकली होती, त्यामुळे त्याला हुकूम सोडताना तिला जड जायचं. आणि जड जातंय म्हणूनच ती जरा जास्त कडक बोलायची.

"हे बघ एमेट," त्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "मेअखेरीला पाहुण्यांचा लोंढा सुरू होतो. तोवर बर्डी भरली गाडी घेऊन वरच्या गावाची सबंध फेरी करायला लागली पाहिजे. लंगडली किंवा मध्येच अडली, तर मी तिला ठेवणार नाही. बोटीत घालून बाजारात पाठवीन. आणि तेव्हा तू माझ्यासमोर तोंड पाडून उभा राहायचं नाहीस."

"या वयाच्या घोडीला बाजारात कोण घेतं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे म्हणूनच आधी सांगतेय."

कोण घेतं आणि कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं. कसायाचं नाव तबेल्यात कुणी काढत नाही.

कामातून सुटलेला घोडा पुन्हा कामाला लावणं हे घाई करणाऱ्याचं काम नव्हे. माणूस सुट्टीवरून येतो तसा घोडा येत नाही. अंग विसरलेलं असतं. आधी छातीत दम भरतो, मांस त्याच्यामागून, आणि शिरा अन् हाडं सगळ्यात शेवटी. दम भरला एवढ्यावर जो भुलतो आणि भरल्या गाडीला जुंपतो, तो घोडा घालवून बसतो. एमेटनं आधी तिला नुसतं चालवलं. किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावर, पुढे हा, मागे ती. मग लांब लगाम धरून हा मागे, पुढे ती. मग मोटारीचं एक टायर बांधून ओढायला दिलं. त्या बेटावर आलेलं ते एकमेव टायर असावं, तेही घोड्यांसाठी.

बसून राहिल्यानं तिचे खांदे मऊ पडले होते. गाडी ओढताना खांद्यावर घालायचा जुना गवत भरलेला कातडी गळपट्टा बसेना. तो व्हर्जिलकडून सैल करून घेतला, आणि खांदे रोज मिठाच्या पाण्यानं पुसले, म्हणजे कातडं राठ होतं आणि घासत नाही. चंदी, म्हणजे दाणा, वाढवली ती कामाच्या मागून; आधी चंदी वाढवली तर घोडा कामाऐवजी मस्ती करतो. आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे त्या डाव्या पायावरून हात फिरवायचा. गरम लागला तर त्या दिवशी सुट्टी. थंड लागला की एमेट शीळ घालत न्याहारीला जायचा. त्या शिळेवरून सगळ्या तबेल्याला बर्डीची प्रकृती कळायची.

पाय थंडच राहिला. बर्डीनं रिकामी गाडी ओढली, मग अर्धी भरलेली. चढाच्या पायथ्यापर्यंत, मग चढाच्या मध्यापर्यंत. मेच्या सुरुवातीला एका सकाळी एमेटनं तिला दुखण्यानंतर पहिल्यांदा वरच्या गावाच्या रस्त्याला घातलं. फुरफुरत चढ चढली, वळण घेतलं, आणि वळणापुढच्या पांढऱ्या फाटकाशी येऊन थांबली.

त्यानं लगाम खेचला नव्हता. तोंडातून शब्द काढला नव्हता. ती आपली थांबली, निवांत उभ्या घोड्यासारखा मागचा एक पाय सैल सोडला, आणि मान वळवून फाटकाकडे बघत राहिली.

"चल, बर्डी."

कान हलले. बाकी काही हललं नाही.

एमेट गाडीवर तसाच बसून राहिला. ती का थांबली हे त्याला पुरतं कळलं होतं, आणि कळलं नाही असं दाखवायचं तर समोर कुणी नव्हतं.

ते घर हेल्मी कोस्कीचं. म्हणजे होतं. फिनिश बाई. नवरा बेटाभोवतीच्या समुद्राएवढ्या तळ्यावरच्या मालबोटीवर आचारी. तो वारल्यावर ही इथंच राहिली आणि खानावळींना पॅस्टी करून द्यायला लागली. पॅस्टी म्हणजे आकार करंजीचा, पण एक खाल्ली की जेवण उरकलं. आत मांस, बटाटा, कांदा आणि पिवळा सलगम. पीठ, चरबी, सलगमची पोती, सगळं एमेटच्या गाडीवरून यायचं. उतरवायला असा कितीसा वेळ लागणार? पण फिनिश माणसाच्या दारातून कॉफीशिवाय परत जाणं म्हणजे त्यांच्यात शिवी दिल्यासारखं.

"कॉफी ओतलीय, मिस्टर गोद्रो. थंड केलीत तर पाप तुमच्या माथी."

"मला वरची फेरी आहे, मिसेस कोस्की."

"फेरी काय पळून जातेय? घोडीला तरी घाई आहे का, विचारा बघू."

घोडीला कसली घाई! तिला फाटकावरून सलगमची सालं आणि शेंडे मिळायचे. एमेटला वेलदोड्याचा पाव. तो पायरीवर बसायचा, हेल्मी पिठाचे हात एप्रनला पुसत दारात उभी राहायची, आणि बर्डी एक पाय सैल सोडून दोघांचं ऐकायची. सुरुवातीला पीठ असेल त्या दिवशीच थांबणं व्हायचं. मग पीठ नसेल त्या दिवशीही व्हायला लागलं. असे कितीतरी उन्हाळे गेले. दोघं एकमेकांना मिस्टर आणि मिसेसच म्हणत राहिली. गावातही कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एमेट मात्र रोज धुतलेला सदरा घालायचा, आणि गाडीवानाला रोज धुतलेला सदरा लागत नाही.

बर्डी पडली त्याच्या थोडेच दिवस आधी हेल्मी म्हणाली होती, "हिवाळाभर तुम्ही तिकडे घोड्यांपाशी. कंटाळा नाही येत?"

"सवय आहे."

"सगळ्याच सवयी काही चांगल्या नसतात." मग आपल्या पेल्यात बघत म्हणाली, "बर्फाचा रस्ता झाला की या की एकदा. चालतच तर यायचं. तेव्हा घोडी नाही, फेरी नाही. जरा बसून बोलता येईल."

"येईन," एमेट म्हणाला. आणि खरंच जाणार होता तो. काय बोलायचं ते त्यानं शेतावरच्या घोड्यांसमोर म्हणूनसुद्धा पाहिलं. घोड्यांना पसंत पडलं.

बर्फाचा रस्ता व्हायचा तो असा. जानेवारीत बेट आणि पलीकडचा किनारा यांच्यामधली सामुद्रधुनी गोठली की बेटावरची माणसं नाताळातली उरकलेली झाडं बर्फात रोवत रोवत पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत नेतात. झाडांच्या रांगेनं चाललं की धुक्यातही चुकायला होत नाही. त्या वर्षीही झाडं किनाऱ्यावर ढीग घालून तयार होती. पण बर्फ जमला नाही. बोट बंद पडेल एवढा जमला, माणसाला पेलेल एवढा जमला नाही. एमेट रोज बर्डीचा पाय गार पाण्यानं धुवायचा, बांधायचा, आणि किनाऱ्यावर जाऊन बघायचा. पुढच्या आठवड्यात जमेल. वारं फिरलंय. पुढच्या आठवड्यात नक्की. छोटं विमान जायचं रोज, पाच-सहा माणसांचं. पण विमानात बसायचं त्याच्या घराण्यात कुणाला सुचलं नव्हतं. बेटावरचा माणूस हिवाळ्यात बर्फासाठी थांबतो. बाप थांबायचा, आजा थांबायचा, हाही थांबला. टेलिफोन होता. पण असलं कुणी टेलिफोनवर बोलतं का? टेलिफोनवर माणूस नालांचे खिळे मागवतो.

बर्फ न जमताच हिवाळा सरला. एप्रिलात बर्डीला शेतावर ठेवून एमेट पहिल्या बोटीनं आला, तेव्हा धक्क्यावर व्हर्जिलनं बातमी दिली.

"कोस्कीबाई गेल्या बघ. डुलूथला, बहिणीकडे. घर विकलं कुणा शिकागोवाल्यांना. आणि काय सांगू तुला, सगळा हिवाळा बाईंनी माझं डोकं खाल्लं. बर्फ जमला का, व्हर्जिल? आज तरी जमला का? मला वाटलं, म्हातारपणी बर्फाला भोकं पाडून मासे मारायचा नाद लागला की काय!"

व्हर्जिल आपल्याच विनोदावर हसला. पुढच्या पानगळीत कळलं, की डुलूथला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका भल्या गृहस्थाशी तिनं लग्न केलं. सुखात आहे म्हणे. एमेटनं तो उन्हाळा कोराकडून धक्क्यावरचं काम मागून घेतलं होतं. चढावर तो फिरकलासुद्धा नाही.

आणि आता बर्डी त्या फाटकाशी येऊन उभी!

त्या पहिल्या दिवशी त्यानं चुचकारलं, मग रागावला, मग खाली उतरून तोंडाशी धरून ओढलं. एवढं धूड, त्याच्या मनात नसेल तर दहा माणसांना हलायचं नाही. शेवटी थकून एमेट फाटक उघडून आत गेला, बंद दाराच्या पायरीवर जरा टेकला, आणि परत येऊन गाडीवर बसला. तर काय, बर्डी निघाली! न सांगता, डुलत डुलत, जसं काही सगळं रीतसर झालं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. नंतर नंतर त्यानं चुचकारायचं नाटकसुद्धा सोडून दिलं. थांबली की मुकाट उतरायचा.

खरं सांगायचं तर दिवसभरात त्याला गोड लागायची ती एवढीच एक गोष्ट. शिकागोवाल्यांनी घर निळं रंगवलं होतं, पडदे ओढलेले होते; ती माणसं जुलैच्या आत काही यायची नाहीत. पण पायरी तीच होती. फाटकाजवळचं लायलॅकचं झुडूप तेच होतं, अजून उघडंबोडकं. पायरीवर बसलं की पाठीमागे दार आहे आणि ते उघडू शकतं, असं वाटायचं. वेलदोड्याचा वास मात्र यायचा नाही. तेवढं खोटं त्याला स्वतःशी बोलता आलं नाही. हेल्मीची इतकी आठवण यायची की छातीत दुखायचं. आणि दुखतंय तर उद्यापासून बसू नये, असं काही त्याच्या मनात यायचं नाही.

एक दिवस व्हर्जिल कुणाच्या तरी घोड्याला नाल ठोकून त्याच रस्त्यानं खाली येत होता.

"एमेट! अरे, रिकाम्या घराच्या पायरीवर बसून काय लोणचं मुरवतोयस?"

"घोडी दम खातेय."

"घोडी? ती जांभया देतेय. दम तर तू खातोयस." व्हर्जिलनं हत्यारांची पेटी खाली ठेवली, एकदा घराकडे पाहिलं, एकदा एमेटकडे, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरे देवा. त्या बाई... बर्फ जमला का, बर्फ जमला का... ते तुझ्यासाठी विचारत होत्या?"

एमेट उठला. पाठीला धूळ लागलेली नसताना ती झटकली.

"मी गाढव रे," व्हर्जिल म्हणाला. "मला कळायला हवं होतं. मी तुला एक फोन केला असता तर—"

"विमान होतं, व्हर्जिल," एमेट म्हणाला. "रोज जायचं विमान. मी शेताच्या कुंपणाशी उभा राहून बघायचो त्याच्याकडे."

व्हर्जिलनं बर्डीची मान थोपटली, पेटी उचलली आणि गेला. गावात त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. नालबंदाच्या हिशेबी ही मोठीच गोष्ट.

मे संपत आला तशी एका सकाळी कोरा गाडीवर एमेटच्या शेजारी येऊन बसली. "चल, बघू तुझी महाराणी." पाय उत्तम होता, चाल उत्तम होती, चढ तर बर्डीनं असा चढला की कोरानं मान डोलावली. वळण आलं. फाटक आलं. बर्डी थांबली.

"हे काय?"

"जुनी सवय आहे गं. जरा थांबते आणि निघते. कुणाला त्रास नाही."

"त्रास नाही? मागून सायकली येणार, वरून पाहुण्यांच्या बग्ग्या उतरणार, आणि तू वळणाच्या तोंडाशी रस्ता अडवून उभा! सरक जरा."

कोरानं लगाम घेतला. गाडी वळवून वळणाच्या खाली नेली आणि पुन्हा वर आणली. बर्डीनं फाटकाकडे एक डोळा टाकला आणि सरळ चालत पुढे गेली. कोरानं पुन्हा गाडी खाली नेली आणि लगाम एमेटच्या हातात दिला. बर्डी फाटकाशी थांबली.

कोरा लगामाकडे निरखून बघत होती. मग म्हणाली, "घोडी थांबत नाहीये, एमेट. तू थांबवतोयस. वळण आलं की तुझे हात ढिले पडतात. तुला कळत नाही, पण तिला कळतं."

एमेटनं आपल्या हातांकडे पाहिलं. लगाम मांडीवर सैल पडला होता. आपण तो कधी सोडला, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"हिला मी बाजारात पाठवत नाही," कोरा म्हणाली. "हिच्यात खोट नाही. पण शनिवारी पाहुणे येतायत. शनिवारीही असंच झालं तर या फेरीवर हिला दुसरा कुणी हाकेल. तू धक्क्यावर." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "हिच्या पायाशी तू दोन हिवाळे बसलायस. हिला तुझ्याकडून काढून घ्यायची पाळी माझ्यावर आणू नकोस. तूच मला शिकवलंस ना, गाडीवर बसताना मन तबेल्यात ठेवून यायचं."

"मी असलं शहाणपण शिकवलं?"

"रोज."

"मग मी मूर्ख होतो," एमेट म्हणाला, पण मान खाली घालून.

आता त्याच्यापाशी बर्डीखेरीज काय होतं? हेल्मी गेली, पायरी तर दुसऱ्याची. बर्डीही दुसऱ्याच्या हातात गेली, तर सकाळी उठून हात फिरवायला एक पायसुद्धा उरणार नव्हता. शनिवारपर्यंत तो रोज एकटा चढावर गेला. एकदा मुठी आवळून गेला, तर बर्डी बावरली आणि फाटकाच्या आधीच उभी राहिली. एकदा डोळे दुसरीकडे वळवून गेला, तर हात आपोआप सैल. जनावराला फसवता येत नाही. त्याच्यासमोर मनातलं मनात ठेवायची सोयच नसते.

शनिवारी बोटी भरभरून आल्या. कोरा शेजारी बसली. गाडीत पीठ, बटाटे, पाहुण्यांच्या पेट्या. मागे सायकलींच्या घंटा वाजत होत्या. बर्डी चढ चढली. फाटक दिसलं. बर्डीची चाल मंदावली आणि तिचा एक कान मागे, त्याच्याकडे वळला. विचारत होती बिचारी. थांबायचं ना?

"नाही, बर्डी," एमेट म्हणाला. "आता नाही थांबायचं. तिथं कुणी नाही. चल."

त्या फाटकाशी त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं, तिला किंवा स्वतःला. कान तसाच मागे राहिला. त्यानं लगाम हातात धरून ठेवला, आवळला नाही, सोडला नाही, आणि पुन्हा म्हणाला, "चल गं."

आणि ती चालायला लागली. फाटक बाजूनं गेलं, झुडूप गेलं, निळं घर गेलं. "जमलं," कोरा म्हणाली, आणि एमेटच्या तोंडाकडे न बघता दूर तळ्याकडे बघत बसली. शहाणी पोरगी.

त्यानंतर बर्डी कामाला लागली ती लागलीच. रोज वरची फेरी, रोज तेच वळण. पहिले काही दिवस तो फाटकाशी "चल" म्हणायचा, मग म्हणायची गरज उरली नाही. खांदे दगडासारखे झाले, पोट उतरलं. व्हर्जिल म्हणाला, "आता माझंही उतरव." पाहुणे तिचे फोटो काढायचे आणि नाव ऐकून हसायचे.

जूनमध्ये लायलॅक जांभळ्या, सुवासिक तुऱ्यांनी फुलला. सगळ्या बेटावर फुलला, पण त्या फाटकाजवळचा असा काही फुलला की फांद्या वाकून रस्त्यावर आल्या. हेल्मी असताना ती पहिला तुरा तोडून बर्डीच्या कानामागे खोचायची. एके दिवशी गाडीत माल थोडाच होता, मागे सायकल नव्हती, वरून बग्गी येत नव्हती. एमेटनं निघताना खानावळीच्या स्वयंपाकघरातून सलगमचा एक शेंडा मागून खिशात टाकला होता. कशासाठी, ते त्यानं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

वळण आलं. वास आला. एमेटनं लगाम मांडीवर ठेवून दिला आणि हात मोकळे सोडले. थांब म्हणाला नाही. सांगून थांबली तर त्यात काय राहिलं? आज एकदाच, बर्डी. एकदाच आपली आपण थांब. मग पुन्हा नाही.

बर्डीनं फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही कान पुढे ठेवून, शिकवलं होतं त्याच चालीनं, ती फाटकावरून निघून गेली. एमेट मान वळवून मागे बघत राहिला, झुडूप दिसेनासं होईपर्यंत. इथं थांबायचं असतं, हे आजवर त्या बेटावर दोघांना ठाऊक होतं. आता त्याला एकट्यालाच.

तबेल्यात आल्यावर त्यानं गळपट्टा उतरवला, खांदे पुसले, खरारा केला. मग वाकून डाव्या पायावरून हात फिरवला आणि हात तिथंच जरा राहू दिला. बर्डीनं नाक खाली करून त्याच्या खिशाला लावलं. त्यानं सलगमचा शेंडा काढून तळहातावर धरला, आणि तिनं तो कुरुमकुरुम खाल्ला.

"शहाणी झालीस," तो म्हणाला.

"पाय कसा आहे?" पलीकडून कोरानं विचारलं.

"थंड आहे," एमेट म्हणाला. "अगदी थंड."

त्या दिवशी तबेल्यात शीळ मात्र कुणाला ऐकू आली नाही.